मूल चपाती टाळतंय? जबड्याचा सांधा तपासा

माझ्या वर्गातली एक मुलगी डब्यातली चपाती रोज तशीच घरी न्यायची. अम्मीला वाटायचं, नखरे करते. गुडघ्यांच्या सांधेदुखीवर तिचे उपचार चालू होते. पण तोंड नीट उघडत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

सांधेदुखी फक्त म्हाताऱ्यांना होते असं नाही. सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि 6 आठवडे किंवा जास्त टिकलेली सांध्याची सूज 'ज्युव्हेनाइल आर्थ्रायटिस' असू शकते. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हा आजार नजर लागून होत नाही, आणि एका बाकावर बसल्याने दुसऱ्याला लागतही नाही.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. हलतो तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याची वाढ याच ठिकाणी होते. इथे सूज राहिली तर वाढ खुंटते. एका बाजूला सूज असेल तर हनुवटी त्या बाजूला सरकते. दोन्हीकडे असेल तर मागे राहते. धोका हा, की बऱ्याचदा दुखतच नाही.

घरी काय बघाल?

- मुलाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का?
- तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का?
- चावायला वेळ लागतो, गोश्त टाळतं, सकाळी जबडा आखडतो का?

यातलं काही दिसलं तर कूपर किंवा राजावाडीसारख्या रुग्णालयात मुलांच्या ओपीडीत दाखवा आणि सांधेरोग तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. सूज एमआरआयमध्ये चांगली कळते.

औषधं, जबड्याचे व्यायाम आणि गरज पडल्यास दातांवर बसवायची पट्टी, असे उपचार असतात. मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर लक्षात ठेवा: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. डोळ्यांची तपासणीही वेळेवर करा. या आजारात डोळ्यांनाही न दुखता सूज येते.

'उद्या रिश्ता कसा जमेल' म्हणून मुलीचा आजार लपवू नका. लपवण्यात गेलेले महिने वाढत्या जबड्याला परत मिळत नाहीत.