फोडणी आणि स्मोक अलार्म

कंपनीच्या व्यवस्थापनासमोर पहिलं प्रेझेंटेशन देताना मी सुरुवातीलाच क्रिकेटवरचा एक विनोद सांगितला. समोर सगळे अमेरिकन. कोणीच हसलं नाही. मी इतकी गडबडले, की पुढच्या स्लाइड्स कशाबशा उरकल्या. आमची टीम ज्या रक्तचाचणीवर दोन वर्षं राबत होती, तिच्या निधीचा निर्णय तीन महिने लांबणीवर पडला.

मग विनोद करूच नये का? तसं नाही. १९७७ साली कॅप्लन आणि पॅस्को या संशोधकांनी ५०८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना गंभीर व्याख्यान दाखवलं, काहींना मुद्दा समजावणाऱ्या विनोदी उदाहरणांसह, तर काहींना अवांतर विनोदांसह. लगेच घेतलेल्या परीक्षेत विनोदाचा फायदा दिसला नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा मात्र विनोदी उदाहरणांतून सांगितलेले मुद्दे जास्त लक्षात राहिल्याचं आढळलं.

म्हणजे विनोद ज्या मुद्द्याला चिकटलेला असतो, तो मुद्दा टिकतो. माझा क्रिकेटचा विनोद कशालाच चिकटलेला नव्हता! तेव्हा आधी स्वतःला विचारा: श्रोत्यांनी महिन्याभरानंतरही कोणती एक गोष्ट आठवावी? विनोद तिथेच पेरा.

तीन महिन्यांनी मी तेच केलं. आमची चाचणी कधीकधी निरोगी माणसालाही आजारी ठरवायची. मी म्हटलं, "ही चाचणी माझ्या घरातल्या स्मोक अलार्मसारखी आहे. मी मिरचीची फोडणी दिली, की तो आग लागली म्हणून बोंबलतो. आम्हाला त्याला फोडणी आणि आग यांतला फरक शिकवायचाय." सगळे हसले, आणि अडचणही समजली.

तालीम मात्र आरशासमोर करू नका. हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. त्यामुळे एकट्याने विनोदाची पारख होत नाही. दोन सहकाऱ्यांना ऐकवा. त्यातला एक तरी तुमच्या देशाबाहेरचा असू द्या. विनोद स्वतःवर करा, समोरच्यावर नको. आणि कोणी हसलंच नाही, तर न थांबता पुढे चला. उदाहरण मुद्द्याचंच असेल, तर ते तरीही वाया जात नाही.

निधी मिळाला. दीड महिन्याने लिफ्टमध्ये वित्त विभागाच्या प्रमुख भेटल्या. माझं नाव त्यांना आठवेना, पण त्यांनी विचारलं, "काय, अलार्म अजून फोडणीला ओरडतो का?"