शून्याच्या दोन जागा

रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत चालतं. त्याची छिन्नी कडेकडून मध्याकडे त्रिज्येवरून सरकते. घरचा प्लेअर तीच वाट कंसातून चालतो, कारण त्याचा टोनआर्म एका टोकाला खिळलेला असतो. त्यामुळे सुई खाचेत नीट बसली तरी बहुतेक वेळ जराशी तिरकीच असते. हा तिरकेपणा घालवण्यासाठी सुई धरणारं कार्ट्रिज जुळवायचं असतं, असा अनेकांचा समज आहे. साध्या टोनआर्मवर तो जातच नाही. तो रेकॉर्डच्या बाजूच्या कुठल्या भागात राहू द्यायचा, एवढंच आपल्या हाती असतं.

यामागची भूमिती एलपीपेक्षा जुनी आहे. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये ‘द ग्रामोफोन’ या ब्रिटिश मासिकात ती मांडली, तेव्हा तबकड्या लाखेच्या होत्या. पुढे १९३८ मध्ये एरिक लोफग्रेन आणि १९४१ मध्ये बेअरवॉल्ड यांनी गणित पक्कं केलं. सुई स्पिंडलच्या थोडी पुढे जाईल इतका टोनआर्म लांब ठेवायचा आणि कार्ट्रिज त्याच्याशी कोनात बसवायचं. मग अख्ख्या बाजूवर दोन ठिकाणी चूक शून्य होते. एलपीसाठी बेअरवॉल्डच्या हिशेबाने या जागा मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. बाकी ठिकाणी चूक उरते, पण नेहमीच्या नऊ इंची टोनआर्मवर ती दोन अंशांच्या आतच. १९६६ मध्ये स्टीव्हन्सनने आतलं शून्य थेट शेवटच्या खाचेपाशी, ६०.३ मिलिमीटरवर नेलं.

शेवटच्या खाचेचे एवढे लाड कशाला? एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, कडेला आणि लेबलपाशी सारखेच. पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आणि आत शेवटी जेमतेम २१. तोच स्वर आत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून तेवढीच चूक तिथे जास्त बोचते. आता ख्यालाची एलपी डोळ्यांसमोर आणा. कडेला संथ विलंबित, आणि द्रुत तानांचा झपाटा येतो तो नेमका लेबलजवळ. तार षड्ज फाटला तर दोष गायकावर किंवा झिजलेल्या रेकॉर्डवर जातो. कार्ट्रिजकडे कुणी बघत नाही. माझं मत विचाराल तर ख्याल ऐकणाऱ्याने स्टीव्हन्सन घ्यावा. सिनेगीतं ऐकणाऱ्याला बेअरवॉल्ड बरा, कारण तिथे प्रत्येक गाणं सारख्याच मोलाचं.

१९७२ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२००च्या घराण्याचं उदाहरण घेऊ. पिव्होट, म्हणजे टोनआर्म खिळलेली जागा, ते स्पिंडल २१५ मिलिमीटर, सुई त्याच्या १५ मिलिमीटर पुढे, कोन २२ अंश. हिशेब मांडला की शून्यं सुमारे ५८.८ आणि ११३.५वर पडतात, म्हणजे कंपनीने स्वतःच आतल्या खाचांची बाजू घेतली आहे. याच प्लेअरवर बेअरवॉल्ड हवा असेल तर कार्ट्रिज जवळपास तीन मिलिमीटर पुढे सरकवून किंचित वळवावं लागतं. ते हेडशेलमध्ये वाकडं दिसतं, आणि पाहुणे ते सरळ करायला सुचवतात.

हे घरी करायला कागदी प्रोट्रॅक्टर, भिंग, स्वस्तातला डिजिटल वजनकाटा आणि चुंबक न ओढेल असा स्क्रूड्रायव्हर पुरतो. पोलादी स्क्रूड्रायव्हर कार्ट्रिजच्या चुंबकाने झटकन खेचला जातो आणि सुईचा बारीक दांडा, म्हणजे कँटिलीव्हर, मोडतो. छापलेला कागद आधी पट्टीने मोजावा. प्रिंटरने तो पानात मावावा म्हणून दोन टक्के लहान केला असेल तर पुढची सारी मेहनत वाया. स्पिंडलचं भोकही घट्ट हवं. मग सुईचा भार ढोबळ लावायचा, टोक दोन्ही खुणांवर आणायचं आणि कोन बघायचा. इथे नजर कार्ट्रिजच्या चौकटीवर नको, कँटिलीव्हरवर हवी. तो चौकटीत सरळ बसलेला असेलच असं नाही. एक खूण जुळली की दुसरी हलते. चिडचिड होते. पण स्क्रू दर वेळी पुरते सैल केले नाहीत, तर हे काम एका संध्याकाळीत होतं. भार शेवटी पुन्हा मोजायचा, कारण कार्ट्रिज पुढे गेलं की तो वाढतो.

मग जाणकाराला पैसे कशाचे? त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे, चाचणी-रेकॉर्डचे आणि सरावलेल्या बोटांचे. गोल टोकाची सुई बरंच काही खपवून घेते. शिबातासारखी धारदार सुई तसं करत नाही, कारण तिचा आकार कापणाऱ्या छिन्नीच्या जवळ जाणारा असतो. तिथे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकमेकांत किती झिरपतो हे मोजून सुईची उभी ठेवण ठरवावी लागते, आणि ते भिंगाने दिसत नाही. महागडं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज पहिल्यांदा बसवताना मी जाणकारच बोलावेन. बोलावेन, प्लेअर उचलून त्याच्याकडे नेणार नाही. वाहतुकीत वजन काढावं लागतं, टोनआर्म बांधावा लागतो, आणि घरच्या कपाटाची पातळी दुकानातल्या टेबलासारखी नसते. रिक्षातून परत आलेली जुळवणी पुन्हा तपासावीच लागते.

तो आला की आपण काय ऐकतो ते त्याला आधी सांगावं, आणि शून्यं कुठे ठेवली, भार किती लावला हे कागदावर लिहून घ्यावं. मूव्हिंग मॅग्नेटची नुसती सुई बदलायची असेल तर चौकट जागची हलत नाही. तेव्हा त्याला फोन करायची गरज नाही, तोच कागद काढून दोन खुणा आणि भार तपासले की झालं.