माल कुठे अडला?

स्लॅब टाकायच्या दिवशी काय धांदल असते! मिक्सर घरघरतोय, व्हायब्रेटर कानठळ्या बसवतोय आणि मुकादम ओरडतोय, "अरे, कोपऱ्यात माल जाऊ दे!" त्याचं बरोबरच आहे. सळ्यांच्या जाळ्यामागे माल पोचला नाही, तर तिथे पोकळी राहते. फळ्या काढेपर्यंत ती कुणाला दिसतही नाही.

मग आधीच कसं कळणार? संगणकात काँक्रीट ओतून बघायचं!

पण संगणकाला आधी त्याचा स्वभाव सांगावा लागतो. ओलं काँक्रीट ताटातल्या श्रीखंडासारखं असतं. पुरेसा जोर लागेपर्यंत ढिम्म हलत नाही. तो जोर किती, याचा अंदाज घ्यायला साइटवर पत्र्याचा एक शंकू असतो, 30 सेंटिमीटर उंच, वर-खाली उघडा. त्यात थराथराने काँक्रीट भरायचं, प्रत्येक थर लोखंडी गजाने 25 वेळा ठोसायचा आणि शंकू अलगद वर उचलायचा. फस्स! ढीग खाली बसतो, पण मध्येच थांबतो. जितका कमी बसेल, तितका तो हट्टी.

1988 साली जपानमध्ये प्राध्यापक ओकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीच हट्ट न करणारं काँक्रीट बनवलं. व्हायब्रेटर नको, ते आपलं आपण सळ्यांमधून वाट काढतं. अकाशी काइक्यो या अजस्र झुलत्या पुलाचे दोर ज्या ठोकळ्यांत रोवलेत, त्यांच्यासाठी ते वापरलं.

असं काँक्रीट संगणकात वाहवायची एक युक्ती आली चक्क आकाशातून! 1977 मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांमधला वायू अभ्यासायला ती शोधली. सगळा पदार्थ हजारो कणांत वाटायचा. प्रत्येक कणाने क्षणाक्षणाला फक्त शेजाऱ्यांचा रेटा बघायचा आणि तेवढंच सरकायचं. तेच गणित पुढे काँक्रीटला लावलं. आता पडद्यावर दिसतं, दोन सळ्यांच्या फटीत तीन-चार खडे एकमेकांना रेटून कमान करतात आणि मागचा सगळा माल तुंबतो. मग सळ्या एकमेकींपासून थोड्या दूर घ्या किंवा खडी बारीक घ्या. सिमेंटची एक गोणीही न फोडता!

एक अडचण मात्र उरते. गणित सोपं व्हावं म्हणून संगणकातली खडी बऱ्याचदा गोल धरतात, आणि खरी खडी तर वेडीवाकडी, टोकदार. म्हणून अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेत शास्त्रज्ञांनी खऱ्या खडीचे आकार टिपले. कसे, माहितीये? खडीचा सीटी स्कॅन काढून!