गुडघेदुखी आणि पीआरपीचं इंजेक्शन
रुग्णाच्याच दंडातून काढलेलं रक्त यंत्रात वेगाने फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरचा पिवळसर, प्लेटलेट्सनी दाट झालेला द्रव म्हणजे पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा); तो झिजलेल्या गुडघ्यात टोचतात. त्याने सूज उतरेल, कूर्चा सावरेल, ही आशा. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना पीआरपी, काहींना नुसतं सलाइन. दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. वर्षभराने दुखणं दोन्ही गटांत जवळपास सारखंच कमी झालं होतं, कूर्चेतही विशेष फरक नव्हता! काही लहान चाचण्यांत आराम दिसला आहे, हे खरं. तरीही ‘नवी कूर्चा येईल’ या आश्वासनावर कर्ज काढू नका. आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन, याकडे लक्ष द्या.