ब्रेक ओरडतो, आपण ऐकतो का?



ट्रॉलीच्या टायरला आपण रोज लाथ मारून बघतो. घरच्या मोटारीच्या ब्रेककडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. आम्हीही त्यातलेच. गेल्या हंगामात पुढच्या चाकातून चीं-चीं येई. म्हटलं, धूळ असेल. खरं तर पुष्कळ पॅडांना बारीक पत्री असते. पॅड झिजलं की ती डिस्कला लागून ओरडते. ब्रेक ऑइलही उतरलेलं. पॅड झिजल्यानं ते उतरतंच, पण आम्ही भरलं आणि विसरलो! पुढं घरघर लागली. त्याच आठवड्यात रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली आडवी आली. मोटार थांबली ती हातभर अंतरावर. पॅडबरोबर डिस्कही गेली होती.

नवं पॅड साधारण १० मि.मी. जाड असतं. ३ वर आलं की दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत. मागं ड्रम असेल तर लायनरही उघडून बघावेत.