आगीला हद्द कळत नाही

‘हद्द’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच होऊन राहिला. सरहद्द, हद्दपार, हद्दवाढ असा त्याचा गोतावळाही मोठा. आपण वैतागलो की म्हणतो, ‘आता मात्र हद्द झाली!’ मी कविता लिहिणारा माणूस, शब्दांशी माझं रोजचं देणंघेणं. पण या शब्दाचं खरं वजन मला कळलं ते एका रात्री, फोनवर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानचे दिवस होते. सहेरीसाठी घर जागं होतं, म्हणून बरं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड दिसला. आमच्या मागच्या बाजूला लाकडी पॅलेटची एक शेड होती. कारखान्यांतला माल ज्या लाकडी चौकटींवर रचून पाठवतात, त्या तिथे ठोकून तयार व्हायच्या. ती शेड पेटली होती आणि आत तीन कामगार झोपलेले होते. मी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, ‘आग कुठे आहे?’

‘चाकणला.’

‘चाकणला कुठे? नगरपरिषदेच्या हद्दीत, एमआयडीसीत की ग्रामपंचायतीत?’

जन्म याच मातीतला. पदवीपर्यंत शिकलेलो. चाकणवर चार कविताही लिहिल्या आहेत. आणि मला उत्तर देता येईना! शेड होती ती जमीन गटनंबरची, समोरचा रस्ता ओलांडला की एमआयडीसीचे भूखंड सुरू होत. आमच्या गल्लीचा पत्ता पोस्टमनला पाठ होता, पण ती कुणाच्या हद्दीत येते हे विचारायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

त्या रात्री सगळ्यात आधी पोचला तो पिण्याच्या पाण्याचा खाजगी टँकर. त्याचा चालक ओळखीतला होता. ‘चाचा, पाणी कुठून मारू?’ एवढाच प्रश्न त्याने विचारला. बंब नंतर आले. दोन कामगार धावत बाहेर निघाले होते, तिसऱ्याचे पाय भाजले. तो वाचला, पण सहा महिने उभा राहू शकला नाही.

फोनवरच्या त्या माणसाला मी दोष देत नाही. बंब आपली हद्द सोडून बाहेर गेला, तर मागे त्याची स्वतःची हद्द उघडी पडते. गाडी, माणसं, डिझेल, सगळ्याचा हिशोब कुणाला तरी द्यावा लागतो. प्रश्न त्याचा नव्हता, व्यवस्थेचा होता. म्हणून मी ही व्यवस्था समजून घ्यायला बसलो. समजलं ते तुम्हालाही सांगतो, कारण चाकणसारखी गावं आता जागोजागी झाली आहेत.

आमच्या लहानपणी चाकण म्हणजे कांदा आणि शनिवारचा बाजार. गावात संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे ५५ दिवस झुंजवला. त्या काळी निदान एक गोष्ट स्पष्ट होती. तटबंदी डोळ्यांना दिसत होती आणि किल्लेदार एकच होता. आजच्या चाकणच्या तटबंद्या कागदावर आहेत आणि किल्लेदार पाच-सहा.

पहिला किल्लेदार ग्रामपंचायत. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांत कारखाने आले, चाळी आल्या, देशभरातून कामगार आले, पण कायद्याने ती गावंच राहिली. आता घटनेत काय आहे ते पाहा. ग्रामपंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत दिले आहेत. त्यांत पाणी आहे, रस्ते आहेत, आरोग्य आहे, पण अग्निशमन नाही. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, त्यांत सातवा विषय अग्निशमन सेवा. म्हणजे घटनेच्या हिशेबात आग ही शहराची गोष्ट! या दोन्ही घटनादुरुस्त्या १९९२ च्या. गावाच्या शिवारात हजारो कामगारांचे कारखाने उभे राहतील, हे त्या यादीत कुठून येणार?

दुसरा किल्लेदार नगरपरिषद. चाकणची ग्रामपंचायत २०१५ मध्ये नगरपरिषद झाली. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याप्रमाणे आग विझवणं हे तिचं बंधनकारक कर्तव्य आहे. पण ते तिच्या हद्दीपुरतं, आणि कारखान्यांचा मोठा पसारा त्या हद्दीबाहेर.

तिसरा किल्लेदार एमआयडीसी, म्हणजे १९६१ च्या कायद्याने उभं राहिलेलं औद्योगिक विकास महामंडळ. त्याच्या भूखंडांवर रस्ते त्याचे, पाणी त्याचं, बांधकामाची परवानगी त्याची आणि अग्निशमन दलही त्याचंच. मोठे कारखाने या भागात आहेत, आणि त्यांच्याकडे स्वतःचीही यंत्रणा असते. पण त्या कारखान्यांना सुटे भाग, खोकी, पॅलेट पुरवणाऱ्या कितीतरी छोट्या शेड भूखंडांच्या कुंपणाबाहेर, गटनंबरच्या जमिनीवर उभ्या असतात.

चौथा किल्लेदार पीएमआरडीए, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. तेही २०१५ चंच. या पट्ट्यातल्या गावांचं नियोजन आणि बांधकाम परवानग्या त्याच्याकडे, आणि त्याचंही स्वतःचं अग्निशमन दल आहे. पाचवी पिंपरी-चिंचवड महापालिका, १९८२ पासूनची. इंद्रायणीच्या अलीकडे कुरुळी, पलीकडे मोशी. नदी ओलांडली की महापालिका लागते. आणि पोलिसांचा नकाशा यापेक्षाही निराळा. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि पुणे ग्रामीणमधलं चाकण त्यात गेलं. म्हणजे पोलीस शहराचे, आणि पोलीस ठाण्याच्या हद्दीतली कितीतरी गावं ग्रामपंचायतीची!

आता कुणी म्हणेल, सगळी गावं एका महापालिकेत घाला, म्हणजे झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये, त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांनी वाहतूक कोंडीची पाहणी करताना चाकण परिसरासाठी स्वतंत्र महापालिकेची गरज बोलून दाखवली होती. महापालिका झाली तर दोन-तीन हद्दी कमी होतील, हे खरं. पण महापालिका म्हणजे सगळं आलं, असं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात, केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. सहा महिला जागीच गेल्या आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत दगावल्या. तळवडे महापालिकेतच येतं. त्याआधी ७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यात उरवड्याजवळच्या रासायनिक कारखान्याच्या आगीत १७ कामगार गेले, बहुतेक सगळ्या स्त्रियाच. हद्दी वेगळ्या होत्या, पण मरण सारखंच.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. आगीची साधनं चालू स्थितीत आहेत, असं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. पण ज्या शेडची कुठल्याच दप्तरी नोंद नाही, तिचं प्रमाणपत्र मागणार कोण? जी शेड कागदावर नाही, तिथे झोपणारा माणूसही कागदावर नसतो.

हद्द ओलांडणारी व्यवस्था आपल्याला जमतच नाही, असं मात्र नाही. १०८ ची रुग्णवाहिका आठवा. २०१४ मध्ये ही सेवा राज्यात सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला. हा फोन उचलणारा माणूस ठिकाण विचारतो, जखमी कोणत्या पंचायतीचा हे विचारत नाही. जवळ असेल ती गाडी निघते. २०२१ पासून पोलिसांसाठी ११२ आलं, त्यातही जवळचं वाहन धाडण्याचीच रीत. रुग्णवाहिकेला जे जमलं, ते बंबाला का जमू नये? ‘जो जवळ तो आधी, हिशोब मागाहून’ एवढा एकच करार या पाच-सहा किल्लेदारांनी आपसांत करायचा आहे. त्यासाठी वरचा अधिकारही आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांची हद्द या सगळ्या हद्दींना पोटात घेते.

लंडनमध्ये १९३५ च्या नोव्हेंबरात विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरांच्या घराला आग लागून पाच स्त्रिया मेल्या. शेजाऱ्याने फोन केला, पण एक्स्चेंजने त्याला रांगेत थांबवून ठेवलं. त्या शेजाऱ्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. चौकशी झाली आणि १९३७ मध्ये ९९९ हा तातडीचा क्रमांक सुरू झाला. शेजाऱ्याचं एक पत्र एवढं करू शकतं. आपल्याकडे तर ग्रामसभा आहे, तिथे उभं राहून विचारता येतं की आपल्या गावाला आग लागली तर बंब कुठून येणार, किती वेळात येणार आणि पाणी कुठे भरणार. हा प्रश्न दिवसाउजेडी विचारायचा असतो. रात्री तीन वाजता त्याचं उत्तर मिळत नाही.

तोवर आपल्या हातातलं करू. आग पहिल्या काही मिनिटांत बादलीभर पाण्याची असते, नंतर टँकरची होते आणि त्यानंतर नशिबाची. म्हणून आमच्या गल्लीने त्या आगीनंतर वर्गणी काढून कोपऱ्यावरची भिंत रंगवून घेतली. त्यावर गावाचं नाव, ग्रामपंचायत, गट नंबर, जवळची खूण आणि मोठा बंब कुठल्या रस्त्याने आत येईल ते लिहिलं. खाली क्रमांक : आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. आजही पोरं येता-जाता ते मोठ्याने वाचतात.

रंगाऱ्याने ब्रश उचलण्याआधी मला विचारलं होतं, ‘चाचा, जागा उरतीय. तुमच्या कवितेची एखादी ओळ टाकू का?’

मी म्हटलं, ‘नको रे बाबा. गट नंबर तेवढा मोठ्या अक्षरात लिही.’