केळीच्या बागेतलं नत्र आणि खाडीतली कालवं

केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर लागण केली तर हेक्टरी 4,444 झाडं बसतात, म्हणजे जवळजवळ 889 किलो नत्र. मी रावेरची. घरी केळीची बाग आहे आणि महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. हा हिशोब फळ्यावर मांडला की पुढचं विद्यार्थीच सांगतात: एवढं घडात, एवढं खोडापानांत, थोडं हवेत, बाकी निचऱ्यात. तिथे आमचा हिशोब थांबतो. निचऱ्यातलं नत्र मात्र नाल्यांतून तापीत, पुढे उकाईत आणि उरलंसुरलं सुरतेजवळ खंबातच्या आखातात पोचतं.

त्या आखातात भरती-ओहोटी जोराची आणि पाणी गढूळ, त्यामुळे शेवाळाला उजेड कमी पडतो. वाळूच्या बांधाआड अडकलेल्या उथळ खाजणाचं तसं नसतं. तिथे पाणी साचून राहतं, ऊन तळापर्यंत पोचतं आणि आलेलं नत्र-स्फुरद तिथेच फिरत राहतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं थाऊ हे असंच खाजण आहे. क्षेत्र सुमारे 75 चौरस किलोमीटर, आणि कालवांच्या शेतीसाठी नावाजलेलं. अशा पाण्याची शास्त्रज्ञ संगणकावर खतावणी ठेवतात, तिलाच मॉडेल म्हणतात. पाण्यात विरघळलेलं नत्र, सूक्ष्म शेवाळ, कालवं आणि तळचा गाळ अशी चार खाती धरायची आणि एकातून दुसऱ्यात किती गेलं ते तासातासाला मोजायचं.

यातलं कालवांचं खातं मला सर्वांत शिकवण्यासारखं वाटतं. कालव तासाला काही लिटर पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातं. खाल्लेल्यातला एक भाग मांसात जातो, काही भाग अमोनिया होऊन लगेच पाण्यात परततो आणि उरलेला विष्ठेच्या रूपात तळाला बसतो. गाळातले जीवाणू ती कुजवताना प्राणवायू वापरतात. थोडं नत्र वायू होऊन हवेत निघून जातं, ही जमेची बाजू. पण कडक ऊन पडलं आणि वारा थांबला की तळचा प्राणवायू संपतो, लोहाला धरून बसलेलं स्फुरद सुटतं, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू वर येतो आणि शेती मरते. थाऊत 2018 च्या उन्हाळ्यात हेच घडलं. उलट, सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाल्यापासून तिथलं स्फुरद इतकं घटलं की आता कालवांना खाणं पुरेल का, याचीही चिंता आहे. किती कालवं लावायची हे ठरवताना मॉडेलला या दोन्ही टोकांकडे बघावं लागतं.

शिंपलावर्गीय शेतीने पाणी साफ होतं, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. ते खरं आहे, पण हिशोब करून पाहावा. एक टन शिणाणे, म्हणजे कालवांसारखेच पाणी गाळून खाणारे शिंपले, काढले की पाण्यातून साधारण 10 किलो नत्र बाहेर येतं. आमच्या एका हेक्टरच्या मात्रेइतकं नत्र काढायचं तर जवळजवळ 90 टन शिणाणे काढावे लागतील. म्हणून माझं ठाम मत आहे की नत्र अडवायचं ते बागेतच: माती तपासून, ठिबकातून थोडं थोडं देऊन.

आपल्या सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी खाड्यांमध्ये शिणाणे आणि कालवं वाढवायला घेतली आहेत. तिथे थाऊचं मॉडेल जसंच्या तसं चालणार नाही. कोकणच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि पावसाळ्यात खारटपणा एकदम उतरतो, म्हणून शिणाणे पावसाआधीच काढावे लागतात. या खतावणीत पावसाचं खातं वेगळंच धरायला हवं.

आणि नेमक्या त्याच खात्यात आकडे भरायला लागतात ते पहिल्या पुराचे. उन्हाळाभर जमिनीत साठलेलं नत्र जूनच्या त्या एक-दोन लोंढ्यांत वाहून जातं. महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना घेतला तर ते हुकतं. कोकणात तसंच आमच्याकडेही: रावेरकडच्या सुकी नदीला पहिला पूर येईल तेव्हा दर तासाला पुलावरून बाटली भरून घेणारी मुलं मला हवी आहेत.